मासेगोच्या तीन कालवडी

मोत्लोपी तळ
१४ ऑगस्ट १९८८

मासेगो,

"माझ्या कालवडी तुमच्या भरवशावर सोडल्यात, पण तुमच्याकडे आहे तरी काय?" असं तू मागच्या पत्रात विचारलंस. तर लिहून ठेव. या दोन हातांनी केलेल्या वस्तू सांगतो. मोपानेच्या लाकडाच्या एकशे चाळीस खांबांचं वाडगं. गुरं आवळून धरायचा खोडा, अकरा मीटर, आत सहा जनावरं एकामागे एक उभी राहतात. पाण्याची सिमेंटची डोण, सात वर्षांत थेंब गळलेली नाही. डागणीचं लोखंड. वासरू ओढायचे दोर, सुती, तीन पदरी, कारण नायलॉन पाय कापतो. अशक्त वासराला चीक पाजायची नळी, तिचं टोक मेणबत्तीवर धरून गोल केलेलं, म्हणजे घसा सोलत नाही. आणि सगळ्यांत शेवटी टेप.

टेपेबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्यासारखी दुसरी या जिल्ह्यात नाही. शिंप्याची साधी टेप. चार वर्षं मी कत्तलखान्याला निघालेल्या प्रत्येक जनावराच्या छातीचा घेर मोजला आणि तिकडून पावती आली की त्या इंचाशेजारी वजन शाईने लिहिलं. साठ जनावरं. आता छातीभोवती टेप फिरवली की किलो वाचायचे. पशुखात्याच्या माणसाची छापील टेप आणि माझी टेप एकदा एकाच बैलावर लावली होती. कत्तलखान्याची पावती माझ्या बाजूने आली. त्याने तोंड वाकडं केलं, पण कबूल केलं. मी चौथी शिकलो, मासेगो. पुढचं सगळं पुस्तकं आणि शब्दकोश शेजारी-शेजारी ठेवून.

आता वळूचं. तू लिहितेस, आपला त्स्वाना वळूच बरा, नाहीतर बॉन्समारा आणा, त्याची वासरं जन्मताना लहान असतात. त्स्वाना काटक आहे, उन्हाला आणि गोचिडाला दाद देत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण आपलं वासरू भरायला चार वर्षं घेतं आणि शारोलेचं दोन वर्षांत तेवढं होतं. म्हणून मी शारोले आणला. पांढरा, मागून दरवाजाएवढा रुंद. आणि तुला सांगायचं राहिलं, तुझ्या तिन्ही कालवडी त्याच्यापासून गाभण आहेत. फळवताना टेपेवर तांबडी २७० किलो भरली, बांडी २७४, कोशी २६२. पुस्तकात २६० पुरे म्हटलंय. तांबडीचे दिवस २० सप्टेंबरच्या आसपास भरतील, बांडीचे ऑक्टोबरात, कोशीचे नोव्हेंबरात.

कोइपे कुरकुरत होता. त्याला ओळखतेसच, बावीस वर्षं गुरं राखतोय, अक्षर येत नाही. म्हणाला, "मालक, कालवडीला टेप वाचता येत नाही." मी म्हटलं, "तुलाही येत नाही, म्हणून तुम्हा दोघांचं जमतं."

दुष्काळात तुझ्या आईच्या गाईच्या वंशातल्या या तीनच वाचल्या, हे मी विसरलेलो नाही. त्या माझ्याकडे माफिसाला, राखायला आहेत. दूध माझं, जीव तुझा. काळजी करू नकोस.

तुझा मामा,
मोत्सुमी


फ्रान्सिसटाउन
२९ ऑगस्ट १९८८

मामा,

पत्र मिळालं. राग आला, तो दोन दिवस गिळला, आता लिहिते.

मी दिवसाला चार-पाच बायका बाळंत करते. पहिलटकरीण आली की आम्हीही तिला काट्यावर उभं करतो. पण वजनावरून हाडाची वाट किती रुंद आहे ते कळत नाही. आणि बाळाचा बाप दरवाजाएवढा असला तर बाळंतिणीच्या वजनाचं कौतुक कुणाला?

आणि एक विचारते, उत्तर द्या. ती साठ जनावरं कोणती होती? कत्तलखान्याला कुणी पहिलटकरीण कालवड पाठवत नाही.

आता जे झालं ते झालं. शेवटच्या महिन्यात त्यांना जास्त चारू नका, वासरू आतच वाढेल. फिरती ठेवा. आणि अडलंच तर पशुखात्याच्या माणसाला बोलवा. शेजारी रामोकातेची गाडी आहे, चाळीस किलोमीटर म्हणजे काही चंद्र नाही.

तुम्ही "जीव तुझा" लिहिलंत म्हणून एक आठवलं. मी सात वर्षांची असेन. आईकडे सेबिना नावाच्या म्हाताऱ्याची गाय माफिसाला होती, ती साप चावून मेली. आईने तिचं कातडं सोललं, ओलंच गुंडाळून डोक्यावर घेतलं आणि दोन दिवस चालत सेबिनाच्या घरी गेली. मी मागे. माश्या आमच्यापुढे. सेबिना म्हणाला, "अगं पोरी, निरोप धाडला असतास तरी चाललं असतं." आई म्हणाली, "निरोपाला कान नसतात. या कानावरच्या तुमच्या खुणेच्या चिरा मोजून घ्या." त्याने मोजल्या. मग आम्हाला जेवायला वाढलं.

मामींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याला मी पाठवलेलं मलम त्यांनीच लावायचं, वासरांना नाही.

तुमची,
मासेगो


मोत्लोपी तळ
३ ऑक्टोबर १९८८

मासेगो,

सगळं ठीक आहे. तांबडीला २४ सप्टेंबरला वासरू झालं. कालवड आहे. दूध पिते.

पाऊस नाही. आकाश दुपारी भरून येतं आणि संध्याकाळी मोकळं होतं.

मी वासरांच्या वाडग्याला नवं फाटक केलं. सात फळ्या, आडव्या दोन, तिरकी एक. वजन अडतीस किलो. तिरकी फळी खालच्या बिजागरीकडून वरच्या कडीकडे जायला हवी, लोक उलटी लावतात आणि मग फाटक लोंबतं. माझं एका बोटाने ढकललं तरी आपलं आपण मिटतं. रामोकाते बघायला आला होता. त्याने चार वेळा उघडून मिटून पाहिलं, म्हणजे आवडलं.

मामीचा गुडघा बरा आहे. बाकी पुढच्या पत्रात.

तुझा मामा,
मोत्सुमी


फ्रान्सिसटाउन
१२ ऑक्टोबर १९८८

मामा,

तुमच्या पत्रात फाटकाचं वजन आहे, वासराचं नाही.

मी तुम्हाला लहानपणापासून ओळखते. तुम्ही चुलीवरच्या भांड्याला किती पोचे आहेत तेही लिहिता. माझ्या आईच्या वंशातलं दुष्काळानंतरचं पहिलं वासरू जन्माला आलं आणि तुम्ही दोन शब्द लिहिलेत. दूध पिते. कुणाचं दूध पिते, मामा?

माझ्याकडे नवरे येतात आणि म्हणतात, सिस्टर, मूल छान आहे. मी त्यांच्याकडे बघते. बायकोचं नाव कोण घेत नाही ते मला लगेच कळतं.

सांगा. कळा किती वेळ दिल्या? वार पडली का, किती वेळाने? वासरू कधी उभं राहिलं? पहिल्या चार तासांत चीक पोटात गेला का? नाळेला काय लावलं? आणि तांबडी कुठे आहे?

ती मेली असेल तर कातडं पाठवा. मी आता सात वर्षांची नाही, चिरा मोजता येतात.

मासेगो


मोत्लोपी तळ
२४ ऑक्टोबर १९८८

मासेगो,

या पत्राबरोबर ट्रकवाल्याकडे कातडं दिलं आहे. मीठ लावून वाळवलेलं, कान शाबूत ठेवून सोललेलं. डाव्या कानाला दोन चिरा. मोजून घे.

आता तू विचारलेलं सगळं, क्रमाने.

२४ सप्टेंबर, सकाळी दहाला पाण्याची पिशवी दिसली. अकराला दोन खूर. तळवे खाली, म्हणजे वासरू सरळ होतं. पण खूर मी बोटांनी चाचपले. जाडी दोन महिन्यांच्या वासराच्या खुरांएवढी. साडेबारापर्यंत तांबडीने जोर केला, मग आडवी पडली आणि जोर करायचं सोडलं. एक वाजता मी दोर बांधले, सांध्याच्या वर एक फास, खाली एक. मी आणि कोइपे. डोकं आलं, खांदे आले आणि कंबरेशी अडकलं.

कोइपे म्हणाला, "मालक, रामोकातेची गाडी विहिरीवर उभी आहे. पशुखात्याच्या माणसाला आणू."

मी म्हटलं, "ओढ."

तो म्हणाला, "मालक, मी ओढतो. पण तुम्ही तिच्याकडे बघा तरी."

मासेगो, मी त्या माणसाला का बोलावलं नाही ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीचं खरं होत नाही. तो आला असता तर त्याने आपली छापील टेप काढून तांबडीच्या छातीला लावली असती. माझ्या टेपेने मी तिला फळवलं हे त्याला कळलं असतं. एवढंच. गाडी साठ पावलांवर होती.

वासराला पीळ देऊन कंबर तिरपी केली तेव्हा दोन वाजता ते सुटलं. जिवंत. कालवड, एक्केचाळीस किलो. आपलं वासरू पंचवीसचं असतं. मागोमाग तांबडीचं रक्त सुरू झालं. आत गोणपाट कोंबलं, थंड पाणी ओतलं. तीनला गेली. वार पडलीच नाही. तिने वासराला एकदा चाटलं. डोळ्याच्या वर.

चीक मी मेलेल्या आईच्याच सडांतून काढला, कास गरम होती तोवर. दोन लिटर निघाला. नळीने पाजला, साडेतीनच्या आत. नाळेला आयोडीन. पाचला वासरू उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. पुढे पंधरा दिवस माझ्या म्हाताऱ्या कबऱ्या गाईचं दूध बाटलीने.

मग मी टेप लावली. मेल्यावर. ३३६ दाखवलं. मग तिला कापलं आणि तुकडा तुकडा काट्यावर टाकला. मांस, हाडं, डोकं, पोट, पाय, हे कातडं. रक्ता-पाण्यासकट २६० धर. पुस्तकातलं २६० फळवायच्या दिवशीचं होतं, विण्याच्या दिवशीचं नव्हे.

शहात्तर किलोचा फरक. ती साठही जनावरं बैल होती. खच्ची केलेले, चार वर्षांचे, भरलेल्या छातीचे. तू विचारलंस त्या दिवशीच मला उत्तर माहीत होतं. तोवर दिवस भरत आले होते आणि तुला उत्तर द्यायचं तर आधी स्वतःला द्यावं लागलं असतं.

मांस तळावर वाटलं. मामीने माझं ताट वाढलं, मी हात लावला नाही. ती म्हणाली, "मग टेपेला वाढू का?"

बांडीचंही सांगतो. ती ९ ऑक्टोबरला व्याली. वासरू अडकून गुदमरलं, मेलेलं आलं. बांडी वाचली. त्या वासराचं कातडं कोइपेने लगेच सोललं आणि तांबडीच्या पोरीच्या पाठीवर बांधलं, पुढच्या पायांसाठी भोकं पाडून, सदऱ्यासारखं. बांडीने हुंगलं, लाथ मारली. दुसऱ्या दिवशी हुंगलं आणि उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पान्हा सोडला. कातडं कुजायला लागलं तसं थोडं थोडं कापून काढलं. आता पोर उघड्या पाठीने पिते आणि बांडी तिला दुसऱ्या कुणाजवळ जाऊ देत नाही. हे कोइपेचं काम. माझं नाही.

कोशी राहिली आहे. दिवस १२ नोव्हेंबरच्या सुमारास भरतात. तिन्हींत ती सगळ्यांत बारीक.

मोत्सुमी


फ्रान्सिसटाउन
३१ ऑक्टोबर १९८८

मामा,

कातडं मिळालं. ट्रकवाल्याने दवाखान्याच्या दारात टाकलं, आणि आमची मेट्रन ओरडली, "सिस्टर मासेगो, तुमच्या घरचं कुणीतरी आलंय!" मी ते खोलीवर नेलं. कान हातात धरून बसले. दोन चिरा. आईच्या हातच्याच वाटल्या, जरी मला माहीत आहे की त्या तुम्ही दिल्यात.

तुम्हाला माफ केलं असं एक पत्र लिहिलं होतं. फाडलं. खरं नव्हतं.

मी रजा काढली आहे. १० तारखेला ट्रकने पोचते. तोवर कोशीला वाडग्याजवळच्या कुरणात ठेवा, रोज चालवा, मका बिलकुल नको. पाण्याची पिशवी मी यायच्या आधी दिसली तर कोइपेंना विहिरीवर पळवा आणि रामोकातेच्या गाडीने पशुखात्याच्या माणसाला आणा. तुम्हाला लाज वाटेल. वाटू द्या.

टेप जाळू नका. मला बघायची आहे.

मासेगो


मोत्लोपी तळ
८ जानेवारी १९८९

मासेगो,

तू जाऊन सात आठवडे झाले. जाताना ट्रकमध्ये चढलीस आणि मामीला हात केलास, मला नाही. मी फाटकाशी होतो. ते माझ्या लक्षात आहे, तक्रार म्हणून लिहीत नाही.

कोशीचं आधी. तू होतीस तोवरचं तुला माहीत आहे, पण मी माझ्या वहीत ते उतरवून ठेवलंय, कारण पुढे कुणी विचारलं तर नीट सांगता यावं. १३ नोव्हेंबर, दुपारी एक. दोन खूर आले, नाक नाही. मी दोर उचलले. तू म्हणालीस, "मामा, दोर खाली ठेवा." मी म्हटलं, "वेळ जातोय." तू म्हणालीस, "मामा, तोंडही खाली ठेवा." कोइपे हसला. बावीस वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा माझ्यादेखत हसला.

मग तू खांद्यापर्यंत साबण लावून हात आत घातलास. मी त्याआधी घातला होता, मनगटाच्या पुढे गेला नव्हता. तुझा गेला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "डोकं मागे वळलंय, कुशीकडे." मी ओढलं असतं तर मान मोडली असती. दोन कळांच्या मध्ये तू वासराला मागे लोटलंस, जबड्यात बोटं अडकवलीस आणि डोकं फिरवलंस. मग म्हणालीस, "आता दोर. ओढायचे नाहीत, नुसते धरायचे. ती जोर करील तेव्हाच. आधी एक पाय, मग दुसरा. खाली, तिच्या टाचांकडे." मी धरले. इतकं सावकाश काम मी आयुष्यात केलेलं नाही. रामोकातेच्या गाडीने बोलावलेला पशुखात्याचा माणूस पोचला तेव्हा वासरू कान झाडत होतं. खोंड, छत्तीस किलो.

तू गेलीस त्या दिवशी कोशी व्याल्यापासून उठलेलीच नव्हती. पुढचं आता सांगतो. दर तीन तासांनी मी आणि कोइपे तिला कूस बदलून देत होतो, खाली गवत चार बोटं जाड. तू गेल्यापासून सहाव्या दिवशी मामी तिच्या तोंडाशी बसून म्हणाली, "ऊठ गं बाई, नाहीतर हा माणूस तुझ्यावरही काहीतरी मोजेल." सातव्या दिवशी उठली. मागचा उजवा पाय ओढते. चरते, दूध देते, पाजते. पुन्हा फळवायची नाही, हे मी ठरवलंय. तुझं वेगळं मत असेल तर लिही.

तांबडीची पोर आता बांडीच्या पोटाला लागेल एवढी उंच झाली. काल तिच्या डाव्या कानाला दोन चिरा दिल्या. सुरी उकळून घेतली, चिरांना आयोडीन लावलं. रंग बापाचा, पांढरट. पण डोळ्याच्या वर, जिथे तांबडीने चाटलं होतं, तिथे तांबडा ठिपका आहे. तो आधीपासूनच असणार. मी त्या दिवशी लिहून ठेवला नव्हता, म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

टेप तू बघितलीस आणि खुंटीवर परत अडकवलीस. मी तिच्या दोन्ही टोकांना शाईने लिहिलं आहे: फक्त बैलांसाठी. दुसरी टेप सुरू केली आहे. पशुखात्याचा माणूस महिन्यातून एकदा काटा घेऊन विहिरीवर येतो, मी त्याच्याकडे कालवडी घेऊन जातो. आतापर्यंत नऊ झाल्या. साठ व्हायला वेळ लागेल. त्याने माझी जुनी टेप मागून पाहिली. मी दिली. तो म्हणाला, "बैलांसाठी खरंच चांगली आहे." मी मान डोलावली. तेवढंच बोलणं झालं.

वळूसाठी वेगळं वाडगं घातलं, चौसष्ट खांब. तिसऱ्या वेताच्या किंवा पुढच्या, रुंद कंबरेच्या गाईच त्याच्याकडे जातात. तुझ्या बांडीसाठी बॉन्समारा पाहतोय.

आणि आता रामोकातेचं. तू त्याच्याकडूनच ऐकशील, म्हणून माझ्याकडून आधी ऐक. परवा विहिरीवर सगळे पाण्याला आले होते, दहा-बारा जण असतील. त्याने तांबडीची पोर आणि कोशीचा खोंड पाहिलाय. सगळ्यांसमोर म्हणाला, "मोत्सुमी, तो पांढरा वळू मला दे. तुझी हिंमत गेली, माझी आहे."

मी विचारलं, "कुठल्या गाईंना दाखवणार?"

"एकोणीस कालवडी आहेत. सगळ्या पहिलटकरणी. एका झटक्यात गोठा बदलून टाकतो."

"नाही देत."

"का? तुझ्या हातून एक मेली, त्यात वळूचा काय दोष?"

मी म्हटलं, "वळूचा नाहीच. म्हणून तर देत नाही." आणि मग मी त्याला टेपेचं सांगितलं. साठ बैलांचं, तांबडीच्या तुकड्यांचं, त्याची गाडी साठ पावलांवर होती आणि मी बोलावणं धाडलं नाही त्याचं. शेवटी रामोकाते हसला आणि म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू आम्हाला वजनं सांगत होतास ती..." मी म्हटलं, "बैलांची बरोबर होती." त्यावर बाकीचेही हसले. हसू दिलं.

मी त्याला म्हटलं, तुझ्या दोनदा व्यालेल्या मोठ्या गाई आण, त्यांना वळू फुकट दाखव. त्या त्याला नको होत्या, त्याला कालवडीच फळवायच्या होत्या. मग तो आकडा बोलला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी तो वळू पंधराशे पुलांना आणला होता. मी नाही म्हटलं. तो देत होता दोन हजार चारशे पुला.

तुझा मामा,
मोत्सुमी